रिडेव्हलपमेंट, 'प्लॅटिनम ग्रीन' आणि आमचा मेंटेनन्स : करारात नेमकं काय लिहून घ्यायचं?

गच्चीतली_तुळस

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, सवडीने वाचा.

कोथरूडला आमची सोसायटी 1984 सालची. तीन इमारती, तळ अधिक तीन मजले, 36 बिऱ्हाडं, प्लॉट साधारण 2,000 चौरस मीटरचा. सहकार कायद्याच्या 79अ प्रमाणे पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमून झाली, टेंडरं आली, आता तीन बिल्डर उरलेत. त्यातल्या दोघांच्या ऑफरच्या पहिल्याच पानावर 'आयजीबीसी प्लॅटिनम ग्रीन होम्स' असं पर्यावरणपूरक इमारतीचं सर्टिफिकेट ठळक छापलंय. तिसरा म्हणतो, 'तुम्हाला हवं असेल तर ग्रिहा करून देऊ.'

परवाच्या विशेष सभेत एका काकांनी उभं राहून विचारलं, "हे सर्टिफिकेट भिंतीला लावून आम्हाला काय मिळणार? त्यापेक्षा घरटी पन्नास फूट कारपेट वाढवून मागा." सभेने टाळ्या वाजवल्या. मी सेक्रेटरी. मला उत्तर देता आलं नाही, आणि काका चुकीचं बोलले असंही वाटलं नाही.

माझी काळजी वेगळी आहे. आज आमचा मेंटेनन्स महिना 900 रुपये. लिफ्ट नाही, पाण्याचा एक पंप आणि जिन्यातले दिवे, एवढाच कॉमन विजेचा खर्च. नव्या इमारतीत लिफ्ट, फायर पंप, बेसमेंटचे पंखे, मेकॅनिकल पार्किंग, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र), सगळं येणार. पलीकडच्या गल्लीत पुनर्विकास झालेल्या सोसायटीत महिना 7,000 भरतात. आमच्या 36 पैकी 19 घरं निव्वळ पेन्शनवर चालतात. बिल्डरकडून कॉर्पस निधी येईल, पण त्याचं व्याज किती वर्षं पुरणार? घर नवं आणि मोठं मिळालं, पण त्यात राहणं परवडेना म्हणून विकून जावं लागलं, असं एकाही घराचं होऊ नये.

ग्रीन बिल्डिंगमुळे वीज-पाण्याचा खर्च खरोखर उतरणार असेल तर मला ते हवंच आहे. नुसती पाटी असेल तर नको. हे ओळखायचं कसं, आणि करारात काय लिहून घ्यायचं?

---

सह्यकडा

वाचतोय. आमची सोसायटीही याच टप्प्यावर आहे.

---

ओळंबा

ताई, मी आर्किटेक्ट आहे, पुण्यातच काम करतो. आधी काकांच्या पन्नास फुटांबद्दल बोलू, कारण तो हिशेब सभेत मांडण्यासारखा आहे.

मुंबई शहर वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली एकत्रित नियमावली, म्हणजे 2020 ची यूडीसीपीआर, तिच्यात ग्रीन बिल्डिंगसाठी जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जादा बांधकामाची मुभा आहे. ग्रिहा तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर असेल तर बेसिक एफएसआयच्या 3 टक्के, चार तारे किंवा गोल्डला 5 टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला 7 टक्के. तुमचा प्लॉट 2,000 मीटर, बेसिक एफएसआय 1.10, म्हणजे 2,200. त्याचे 7 टक्के झाले 154 चौरस मीटर, सुमारे 1,650 चौरस फूट. 36 घरांना वाटले तर घरटी साधारण 46 फूट बांधीव क्षेत्र.

काका मागताहेत ते फूट जवळपास त्या सर्टिफिकेटातूनच निघताहेत. बिल्डर प्लॅटिनम कशासाठी करतोय याचं निम्मं उत्तर इथे आहे. त्याला बांधकामात आणि सल्लागारांवर थोडा जास्त खर्च येतो हे खरं, त्यामुळे सगळे 154 मीटर सभासदांना मिळणार नाहीत. पण 'ग्रीनचा जादा एफएसआय तुमच्या फीजिबिलिटीच्या हिशेबात धरलाय का, आणि त्यातला आमचा वाटा किती?' हा प्रश्न तिन्ही बिल्डरांना लेखी विचारा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा जादा एफएसआय मिळतो तो प्री-सर्टिफिकेशनवर, म्हणजे नकाशे आणि कागदपत्रं पाहून दिलेल्या प्राथमिक प्रमाणपत्रावर. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम पुरं झाल्यावर, बिलं, फोटो आणि चाचण्यांचे अहवाल तपासून मिळतं. कबूल केलेलं रेटिंग शेवटी मिळालं नाही तर नियमावलीत दंड आहे : तेवढ्या एफएसआयवर सरकारी रेडी रेकनरच्या जमीन दराच्या दुप्पट. पण तो दंड महापालिकेकडे जमा होतो. सोसायटीला त्यातला रुपया मिळत नाही. म्हणून तुमच्या डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये तुमची स्वतःची अट हवी.

---

गच्चीतली_तुळस

46 फुटांचा हिशेब वाचून मी कॅल्क्युलेटर घेऊन दोनदा ताळा केला. हे कुठल्याच ऑफरमध्ये वेगळं दाखवलेलं नाही.

दादा, आयजीबीसी, ग्रिहा, लीड, एज यांत फरक काय? कुठलं मागावं?

---

ओळंबा

थोडक्यात सांगतो. लीड मूळचं अमेरिकेचं. हैदराबादचं सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर हे 2003 मध्ये लीड प्लॅटिनम मिळवणारं अमेरिकेबाहेरचं पहिलं. तिथूनच आपल्याकडे हा विषय पसरला. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योग संघटनेची परिषद, 2001 ची. ग्रिहा हे टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आणलेलं राष्ट्रीय रेटिंग. एज जागतिक बँक समूहातल्या आयएफसीचं. त्यात ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्यात गुंतलेला कार्बन (ते बनवताना होणारं उत्सर्जन) या तिन्हींत किमान 20 टक्के बचत दाखवावी लागते.

पुण्यात घरांसाठी आयजीबीसी किंवा ग्रिहा पुरे. मी नावापेक्षा स्कोअरकार्ड मागेन. ही सगळी रेटिंगं गुणांची बेरीज असतात. काही अटी सक्तीच्या, बाकीचे गुण निवडून मिळवायचे. तुमच्या घरापासून दुकानं, शाळा, बस, वनाझची मेट्रो जवळ आहे म्हणून गुण मिळतात. कमी वासाचा रंग लावला, सायकलींना जागा ठेवली, टीममध्ये परीक्षा दिलेला सल्लागार घेतला, त्याचेही गुण आहेत. यात वाईट काही नाही, पण तुमचं बिल त्याने कमी होत नाही. बिल कमी होतं ते भिंती-खिडक्यांमुळे, पंप आणि लिफ्टच्या मोटरीमुळे, सोलरमुळे आणि पाण्याच्या पुनर्वापरामुळे. प्लॅटिनमपर्यंत बिल्डर कुठल्या गुणांनी पोचतोय ते ओळीओळीने वाचा. आणि ते स्कोअरकार्ड कराराला परिशिष्ट म्हणून जोडा.

---

मुलुंडची_चिमणी

तुळसताई, आमच्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहिते.

आमची मुलुंड पूर्वेची तळ अधिक चार मजल्यांची सोसायटी पाडून 22 मजली टॉवर झाला. ताबा 2021 मध्ये. माहितीपत्रकावर हिरवं पान, गोल्ड. लॉबीत पितळी पाटी. वर्षभराने कमिटीत आले तेव्हा फाइल उघडली, तर पाटी प्री-सर्टिफिकेशनची निघाली. अंतिम प्रमाणपत्राचे कागद बिल्डरने दाखलच केले नव्हते. आम्ही पत्रं लिहिली. उत्तर आलं, की करारात 'गोल्ड रेटेड डिझाइन' असा शब्द आहे, 'अंतिम प्रमाणपत्र' असा नाही. आमच्या वकिलांनी वाचून मान डोलावली. शब्द खरंच तसाच होता.

एसटीपी पहिल्या पावसाळ्यापर्यंत चालला, मग वास येतो म्हणून तळमजल्याच्या लोकांनी बंद करायला लावला. सोलर गच्चीत एका कोपऱ्यात, त्यावर दुपारी दोननंतर लिफ्टच्या मशीन रूमची सावली पडते. उरलेल्या गच्चीत जॉगिंग ट्रॅक आणि बसायचे ओटे आहेत, म्हणून पॅनेल वाढवायला जागा नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते उजेडाचं. मुंबईत चारही बाजूंच्या मोकळ्या जागेत प्रीमियम भरून सवलत घेता येते. आमच्या बेडरूमसमोर दुसऱ्या टॉवरची भिंत आहे. सासूबाई पूर्वी दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून दिवसभर विणायच्या. आता त्यांच्या खोलीत सकाळी दहालाही दिवा लावावा लागतो. मोठं घर मिळालं, पण त्या एकदा म्हणाल्या, "इथे वेळ कळत नाही गं." नकाशे मंजुरीला जाण्याआधी आम्ही प्रत्येक खोलीतल्या उजेडाचा अभ्यास मागितला असता तर हे तेव्हाच दिसलं असतं. ग्रीनच्या फाइलसाठी तो अभ्यास करतातच. आम्हाला तो मागायचा असतो हेच माहीत नव्हतं.

---

गच्चीतली_तुळस

चिमणीताई, हे वाचून थांबलेच थोडा वेळ. 'रेटेड डिझाइन' हाच शब्द आमच्या एका ऑफरमध्ये आहे. आत्ता उघडून पाहिलं.

---

पाण्याचा_हिशेब

मी एसटीपी चालवण्याची कंत्राटं घेतो, 14 वर्षं झाली. चिमणीताईंच्या इमारतीत जे झालं ते मी दर महिन्याला कुठे ना कुठे बघतो. दोष यंत्राचा क्वचितच असतो.

आधी त्याचं मोल सांगतो. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर नुसतं फ्लशला जातं. तुमच्या नव्या इमारतीत समजा 90 फ्लॅट झाले, घरटी 5 माणसं, म्हणजे 450 माणसं. रोजचं पाणी 60,750 लिटर, त्यातलं फ्लशचं 20,250. दहा हजारी टँकर दोन. ते पाणी एसटीपीतून परत मिळालं तर उन्हाळ्यात रोजचे दोन टँकर वाचतात. यासाठी फ्लशच्या पाण्याची वेगळी लाइन आणि गच्चीत वेगळी टाकी लागते. ती बांधतानाच टाकावी लागते. नंतर बाथरूम फोडून ती टाकणं कुणाच्या खिशाला झेपत नाही.

आता बिघडतं कुठे. एसटीपीत जिवाणू मैला खातात. त्यांना हवा लागते आणि रोज अन्न लागतं. ताबा मिळाल्यावर पहिल्या वर्षी निम्मे फ्लॅट रिकामे, म्हणजे अन्न नाही. 90 फ्लॅटांचा एकच मोठा टँक असेल तर त्यात कल्चर टिकत नाही, पाणी गढूळ येतं, फ्लशच्या टाकीला वास लागतो, लोक ओरडतात. मग कुणीतरी विजेचं बिल बघून रात्री ब्लोअर बंद करायला सांगतं. हवा बंद झाली की काही तासांत जिवाणू मरायला लागतात आणि सकाळी वास दुप्पट.

म्हणून तीन गोष्टी मागा. टँक दोन भागांत, म्हणजे सुरुवातीला एकच चालवता येईल. एसटीपीच्या खोलीतली हवा वर गच्चीपर्यंत नेणारा वेगळा डक्ट. आणि ताब्यानंतर किमान दोन वर्षं बिल्डरच्या खर्चाने प्रशिक्षित ऑपरेटर, दर महिन्याला लॅबचा रिपोर्ट सोसायटीच्या नावाने. तिसरी गोष्ट करारात नसेल तर पहिल्या दोन फुकट जातील.

---

संत्र्याची_साल

नागपूरहून लिहितेय. इथे उन्हाळ्यात 45 च्या वर पारा जातो, म्हणून भिंतींकडे आमचं फार लक्ष असतं.

तुमच्या जुन्या इमारतीला खिडक्यांवर छज्जे आहेत का, दीड-दोन फुटांचे? नव्या इमारतीच्या चित्रात ते आहेत का बघा. हल्ली सपाट चकचकीत दर्शनी बाजूच्या नादात छज्जा जातो, दुपारचं ऊन थेट काचेवर येतं, आणि घरोघरी एसी लागतो. ते बिल सोसायटीचं नसतं, पण भरतो आपणच.

---

ओळंबा

संत्र्याची साल यांनी नेमकं सांगितलं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये इको-निवास संहिता काढली. तिच्यात भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे, दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅट. हा आकडा तुमच्या इमारतीसाठी काढून द्या असं बिल्डरच्या सल्लागाराला सांगा. एक-दोन दिवसांचं काम आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण सभासदांना ती कुणी सांगत नाही. हल्ली वेगासाठी ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात, ज्याला साइटवर सगळे मायवान म्हणतात. मजबूत काम होतं, भेगा कमी पडतात. पण सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीपेक्षा चार-पाच पट उष्णता आत येते. पश्चिमेला मायवानची उघडी भिंत असेल तर एप्रिलमध्ये रात्री दहालाही ती हाताला गरम लागते. पश्चिम आणि दक्षिणेला एएसी ब्लॉक किंवा इन्सुलेशन, आणि छज्जा, एवढं मागितलंत तरी फार फरक पडतो.

खिडकीसुद्धा. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते निम्मीच. बिजागरीची जवळपास पूर्ण उघडते. वारा घ्यायचा असेल तर खिडकीच्या मापाबरोबर ती उघडते किती हेही बघा.

सोलरचा हिशेब असा : एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे 4 युनिट मिळतात. 20 किलोवॅट म्हणजे 2,000 चौरस फूट आणि महिना 2,400 युनिट. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 20 किलोवॅटला 3 लाख 60 हजार. गच्चीचा नकाशा आत्ताच करारात गोठवा. 'ॲमेनिटी' म्हणून ती जागा गेली की परत मिळत नाही.

---

जुनी_चाळ

माझं मत कुणाला रुचणार नाही, पण मनापासून सांगतो. चाळीस वर्षं उभी असलेली इमारत पाडायची, तिचं काँक्रीट, विटा, लोखंड ट्रकांत भरून न्यायचं, आणि तिच्या जागी चौपट सिमेंट ओतून त्याला 'हरित' म्हणायचं, हे मला पटत नाही. ती इमारत बांधताना जी ऊर्जा खर्ची पडली ती पाडताना वाया जाते. दुरुस्ती करून आणखी वीस वर्षं काढता येत नाहीत का?

---

गच्चीतली_तुळस

चाळदादा, रुचलं नाही असं नाही. आम्ही याच प्रश्नावर दोन वर्षं घालवली. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये दोन इमारतींच्या स्लॅबमधली सळई गंजलेली निघाली, संडासाच्या बाजूच्या भिंती ओल्या आहेत, आणि दुरुस्तीचा अंदाज घरटी सव्वाचार लाखांचा. शिवाय तिसऱ्या मजल्यावर चार आजी-आजोबा असे आहेत, जे आठ-आठ महिने खाली उतरलेले नाहीत. लिफ्ट बसवायला जागा नाही. त्यांच्यासाठी मी पुनर्विकासाला हात वर केला. पण पाडकामाबद्दल तुमचं म्हणणं मला हवं आहे. त्यात काही करता येतं का?

---

जुनी_चाळ

करता येतं. घाईने जेसीबी लावू देऊ नका. आधी दारं-चौकटी, ग्रिल, फरशा, पाइप हाताने उतरवायचे. 1984 ची दारं असतील तर चौकटी सागवानी असण्याचा संभव आहे. पाडकामाचा ठेकेदार हे सगळं विकतोच, फक्त त्याचे पैसे कुणाला जातात ते करारात नसतं. उरलेला राडारोडा नदीकाठी किंवा टेकडीवर रात्री ओतला जातो, हे पुण्यात सगळ्यांनी पाहिलंय. तो वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पावर गेल्याच्या पावत्या मागा. ग्रीनच्या फाइलमध्ये बांधकाम कचऱ्याचे गुण असतातच, तिथे त्या पावत्या त्यांनाही लागतील.

---

सिंगापूरचा_सदाशिव

इथे 2005 पासून ग्रीन मार्क आहे आणि 2008 पासून नव्या मोठ्या इमारतींना किमान पातळी कायद्यानेच सक्तीची. मी एचव्हीएसीत (वातानुकूलन) काम करतो. मोठ्या इमारतींच्या कूलिंग प्लँटचं दर तीन वर्षांनी ऑडिट होतं, मोजमाप करून. ताबा दिला आणि संपलं असं होत नाही. तुम्हीही प्रत्येक पंपाला, एसटीपीला, लिफ्टला, पार्किंगला वेगळा सब-मीटर मागा. मीटर स्वस्त असतात. एकत्र बिल आलं की कोण किती खातंय ते कळत नाही.

---

पाण्याचा_हिशेब

सब-मीटरला माझा दुजोरा. एसटीपीवर खापर फुटतं तेव्हा निम्म्या वेळा बिल बेसमेंटच्या पंख्यांचं असतं.

---

गच्चीतली_तुळस

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितेय. तुमचे सगळे प्रतिसाद छापून कमिटीपुढे ठेवले, मग पीएमसी आणि वकिलांबरोबर दोन बैठका झाल्या. सभेपुढे जाणारा मसुदा असा आहे :

'प्री-सर्टिफिकेशन' नव्हे, अंतिम प्रमाणपत्र, हा शब्द. ग्रीनच्या जादा एफएसआयपैकी निम्मं क्षेत्र सभासदांच्या कारपेटमध्ये. स्कोअरकार्ड, उजेडाचा अभ्यास, उष्णतेचा आकडा आणि गच्चीचा नकाशा ही चार परिशिष्टं. 79अ च्या शासन निर्णयाप्रमाणे प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी आहेच. तिचा शेवटचा हिस्सा ओसीला (भोगवटा प्रमाणपत्र मिळताच) न सोडता अंतिम प्रमाणपत्र आणि एसटीपीचे सलग 12 महिन्यांचे रिपोर्ट आल्यावर सोडायचा. पाच वर्षांची दोषदुरुस्ती आमच्या जुन्या सभासदांनाही करारातच लिहून घेतलीय, कारण वकील म्हणाले, फक्त रेरावर विसंबू नका. आणि पहिल्या वर्षाच्या कॉमन विजेचा अंदाज बिल्डरने लेखी द्यायचा.

हा मसुदा पाहून एका बिल्डरने प्लॅटिनमचं पान ऑफरमधून काढून घेतलं. उरलेल्या दोघांपैकी एकाने बँक गॅरंटीच्या अटीला 'विचार करतो' म्हटलंय, दुसऱ्याने होकार दिलाय, पण निम्म्याऐवजी 40 टक्के क्षेत्र म्हणतोय. टाळ्या मिळवणाऱ्या काकांना मी 46 फुटांचा हिशेब घरी जाऊन दाखवला. त्यांनी स्वतःच्या वहीत तो उतरवून घेतला आणि आता तेच बाकीच्यांना समजावताहेत.

एक प्रश्न उरलाय. मागच्या कोपऱ्यात आंबा आहे, 1985 मध्ये लावलेला. पहिल्या नकाशात तिथे ट्रान्सफॉर्मर होता. तो आता गेटजवळ घेतलाय. पण बेसमेंटची भिंत बुंध्यापासून 2 मीटरवर येतेय. झाड वाचेल का?

---

ओळंबा

2 मीटरवर नाही वाचणार. खोदताना मुळं तुटतील, झाड दोन पावसाळे तग धरेल आणि मग कलेल. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथवर पडतो तिथवर खोदू नये हा साधा नियम. बेसमेंटचा तो कोपरा तिरका कापायला सांगा. कदाचित दोन-तीन गाड्यांची जागा जाईल. झाड तोडलं तर वृक्ष कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे त्याच्या वयाइतकी, म्हणजे 40 च्या आसपास झाडं लावावी लागतात, हेही बिल्डरला दाखवा.

---

गच्चीतली_तुळस

आज सकाळी दोरी आणि चुना घेऊन घेर आखला. बुंध्यापासून साडेपाच मीटर भरला. नकाशावर तेवढा गोल काढून पीएमसीला पाठवलाय.